ख्रिस्ती उपासनासंगीत आणि मराठी लोकपरंपरा



ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाचा आरंभ कसा होतो, हे येथे बसलेल्या कोणालाही सांगावयास नको. मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याशेजारी तानसेनांच्या समाधीपाशी सनई वाजते, ढोलीबुवांच्या परंपरेतील हरिकथा होते, मिलादही होतो आणि मग गाण्याच्या बैठकींना सुरुवात होते. या शहराच्या अंगवळणी पडलेली ही रीत आहे आणि तिचा ग्वाल्हेरकरांना सार्थ अभिमानही आहे. परंतु दोन उपासना एकमेकींच्या शेजारी बसणे ही एक गोष्ट, आणि एका उपासनेने दुसऱ्या परंपरेत वाढलेला सूर थेट आपल्या गाभाऱ्यात घेणे ही निराळी गोष्ट. पहिलीला सौजन्य पुरते. दुसरीत शब्द, चाल, वाद्य, आठवण आणि मालकी असे सारेच प्रश्न उभे राहतात. मराठी ख्रिस्ती समाजाने, विशेषतः त्यातील कॅथलिक शाखेने, आपल्या उपासनेसाठी ओवी, अभंग आणि लोकगीत यांच्याकडे कसे पाहिले, नव्या रचना करताना कोणत्या अडचणी आल्या, आणि त्यातून मराठी वाचकाने काय घ्यावे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

विषय अपरिचित असल्यामुळे प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट ठरेल. कॅथलिक उपासनेच्या केंद्रस्थानी ‘मिस्सा’ आहे. तिचा क्रम ठरलेला असतो आणि तिच्यातील काही पाठ कायम असतात: आरंभीची दयायाचना, त्यानंतरचे गौरवगीत, विश्वासाचा अंगीकार, ‘पवित्र, पवित्र’ हा घोष आणि अखेरीस देवाच्या कोकराला उद्देशून केलेली विनवणी. युरोपातील मोठमोठ्या संगीतकारांनी शतकानुशतके स्वररचना केल्या त्या याच पाच पाठांच्या. यांखेरीज प्रवेशगीत, अर्पणगीत, स्तोत्र अशी प्रसंगानुरूप बदलणारी गीते असतात. म्हणजे उपासनेसाठी संगीत रचणाऱ्याला भजन रचणाऱ्याइतकी मोकळीक नसते. शब्द बव्हंशी ठरलेले, ते कोणाच्या मुखी कधी यावयाचे तेही ठरलेले, आणि गाणारा म्हणजे सकाळी शेतातून, कार्यालयातून किंवा स्वयंपाकघरातून आलेला, गाणे न शिकलेला सामान्य माणूस. अशा माणसाच्या तोंडी बसेल असे काही रचावयाचे, तर तो आधीपासून काय गातो हे पाहणे भागच पडते. लोकसंगीताची गरज निर्माण होते ती येथे.

मराठी भाषेपुरते पाहावयाचे तर या प्रयत्नाचा आरंभ चारशे वर्षांहून जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ साली मृत्यू पावेतो त्याच भूमीत राहिला. त्याने रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. दोन भागांतील हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ. त्याच्या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळुरास त्याची आवृत्ती काढली, आणि १९५६ साली पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला.

या ग्रंथाच्या जन्माची जी हकीकत खुद्द ग्रंथातच आली आहे, ती या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे त्यांच्या हातून गेली होती. धर्मशिक्षण मिळाले, प्रार्थना मिळाल्या. परंतु फावल्या वेळी ऐकावे, गावे असे काहीच उरले नव्हते. आपल्या भाषेत तसे काही असावे अशी मागणी या लोकांकडूनच आली, आणि तिचे उत्तर म्हणून पुराण सिद्ध झाले. धर्म बदलला तरी माणसाचे कान बदलत नाहीत, ही गोष्ट त्या परदेशी पाद्र्याने ओळखली होती. त्याने लॅटिन छंद मराठीवर लादला नाही. तीन सयमक चरण आणि चौथा आखूड, ही ज्ञानेश्वरीपासून चालत आलेली ग्रांथिक ओवीच त्याने स्वीकारली. रविवारी आणि सणावारी चर्चमधून हे पुराण वाचले-गायले जाऊ लागले आणि गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते बरोबर नेले.

तथापि एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. ख्रिस्तपुराण चर्चमध्ये गायले जाई, पण ते मिस्सेचा भाग नव्हते. वेदीपाशी लॅटिनच होती. मराठी ओवीला जागा मिळाली ती धर्मशिक्षणाच्या वेळी, उपासना आटोपल्यावर. आणि ही जागाही फार काळ निर्धोक राहिली नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषा तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज वापरावी असा हुकूम काढला. १७३६ साली इन्क्विझिशनने काढलेल्या आज्ञापत्रात तर ख्रिस्ती लग्नांतील देशी गाणी आणि वाद्ये यांवर बंदी घातली गेली. आज्ञा निघाल्या, पण गाणी गेली नाहीत. गोव्यातील ख्रिस्ती लग्नात नवरा-नवरीला नारळाचा रस लावण्याचा ‘रोस’ हा विधी आजही होतो आणि त्या वेळी बायका ओव्या म्हणतात. वसईकडील ख्रिस्ती समाजातही लग्नगीतांची परंपरा टिकून राहिली. थोडक्यात म्हणजे सुमारे साडेतीनशे वर्षे वेदीपाशी लॅटिन आणि अंगणात ओवी अशी वाटणी कायम राहिली. पाद्री वेदी सांभाळत होता, अंगण बायकांनी सांभाळले. ज्याला आज ‘लोकपरंपरेवर आधारित उपासनासंगीत’ म्हणतात, ते म्हणजे अंगणातील ओवीला वेदीपर्यंत नेण्याचा प्रयत्न होय.

हा प्रवास प्रथम घडला तो मात्र कॅथलिकांच्या नव्हे, तर प्रॉटेस्टंटांच्या घरी, आणि त्याचे कारणही उघड आहे. त्यांच्या उपासनेत पाठांचे बंधन सैल आणि देशी भाषेला पहिल्यापासून मोकळीक. तरीही आरंभीची मराठी ख्रिस्ती गीते बहुधा इंग्रजी चालींवर बेतलेली असत. इंग्रजी चाल आघातावर चालते, मराठी शब्द ऱ्हस्व-दीर्घावर. ‘दया’ या शब्दात पहिले अक्षर लघु आणि दुसरे गुरू. चालीचा लांब स्वर पहिल्या अक्षरावर पडला की तोंडातून ‘दाया’ निघते. गाणाऱ्याला शब्द परका वाटतो आणि ऐकणाऱ्याला हसू येते. ही विजोड अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) ख्रिस्ती मंडळींनी ओळखली. १८६० च्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी तेथे ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पूर्वरंग, आख्यान, मध्ये पदे, साथीला टाळ आणि मृदंग, असा सारा थाट ठेवून कथा मात्र येशूची.

पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या प्रवाहाला काव्याची उंची दिली. १८६१ साली जन्मलेल्या टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ साली त्यांचे निधन झाले. या चोवीस वर्षांत मराठी ख्रिस्ती उपासनेचा सूरच त्यांनी पालटला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, अशी त्यांची भावना होती. आणि ही भावना त्यांच्या ‘अभंगांजली’त केवळ नावापुरती नाही, तर रचनेत मुरलेली आहे. ‘उपासना संगीत’ या संग्रहात त्यांच्या गीतांचा फार मोठा वाटा आहे. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. ‘स्मृतिचित्रे’ वाचून त्या दांपत्यावर प्रेम करणाऱ्या वाचकांपैकी किती जणांनी टिळकांची उपासनागीते प्रत्यक्ष गाताना ऐकली असतील, हा प्रश्न मात्र मनात आल्यावाचून राहत नाही.

कॅथलिक उपासनेतील दार उघडण्यास १९६३ साल उजाडावे लागले. त्याआधीची स्थिती काय होती हे एका उदाहरणाने कळेल. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी उपासनासंगीताविषयी जे आज्ञापत्र काढले, त्यात चर्चमध्ये पियानो वाजविण्यास आणि ढोल, झांजा यांसारख्या गलबला करणाऱ्या वाद्यांस मज्जाव केला होता. या नियमाने टाळ, मृदंग आणि गोव्याचे घुमट ही सारीच वाद्ये उंबऱ्याबाहेर राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेसंबंधीची घटना प्रसिद्ध केली. अंतिम मतदानात तिच्या बाजूने २१४७ आणि विरुद्ध अवघी ४ मते पडली होती. या घटनेने लोकभाषांना वाट करून दिली. ज्या लोकांना स्वतःची संगीतपरंपरा आहे, त्यांच्या त्या परंपरेला धर्मजीवनात आणि उपासनेत योग्य मान द्यावा, असेही तिने सांगितले. उपासनेला शोभतील अशी इतर वाद्ये तेथील धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्यास मुभा मिळाली. त्याच दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थानही दिलेले आहे. म्हणजे परिषदेने जुने मोडून टाकले नाही, परंतु शेजारी जागा केली. आणि ती जागा भरावयाची कशी हे ठरविण्याचे काम निरनिराळ्या देशांतील गायक-रचनाकारांवर सोडले.

जगात इतरत्र या कामाची सुरुवात झालीच होती. आफ्रिकेतील काँगोमध्ये गिदो हाझेन या बेल्जियन फ्रान्सिस्कन धर्मगुरूच्या मार्गदर्शनाखाली तेथील गायकांनी १९५८ साली ‘मिसा लुबा’ सिद्ध केली. शब्द लॅटिन, पण गायन आणि ताल काँगोचे. १९६४ साली अर्जेंटिनाच्या आरियेल रामिरेझ यांनी ‘मिसा क्रियोया’ रचली. तिच्यात स्पॅनिश पाठांच्या पाचही भागांना दक्षिण अमेरिकेतील लोकगीतांचे व लोकनृत्यांचे निरनिराळे ताल योजले आहेत. या दोन्ही कृती ध्वनिमुद्रणांद्वारे जगभर गाजल्या. मात्र रंगमंचावर गाजणे आणि गावच्या देवळात दर रविवारी गायले जाणे यांत अंतर आहे. पहिलीसाठी तयारीचा गायकवृंद लागतो. दुसरीसाठी अशी चाल लागते की जी दोनदा ऐकून तिसऱ्यांदा कोणालाही म्हणता यावी.

भारतात १९६७ साली बंगळूर येथे कॅथलिकांचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि फादर अमलोरपवदास यांच्या नेतृत्वाखाली उपासनेला भारतीय रूप देण्याचा विचार पद्धतशीरपणे सुरू झाला. १९६९ साली रोमने भारतासाठी बारा बदलांना मान्यता दिली. आरती, अंजली, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा अशा गोष्टी त्यांत होत्या. मध्य भारताचाही या इतिहासात वाटा आहे. फादर जॉर्ज प्रोक्श या जर्मन मिशनऱ्याने परिषदेच्या कितीतरी आधी इंदूरच्या परिसरात काम करताना भारतीय संगीताचा अभ्यास केला, हिंदी भजने रचली आणि पुढे मुंबईत अंधेरी येथे ज्ञान आश्रम उभारला. गोव्यात फादर वास्को दु रेगो, फादर लुर्दिनो बार्रेतो आदींनी कोकणी उपासनागीते दिली. वसईत तर मिस्साच मराठीतून होऊ लागली. २०२० साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्याच वसईचे. तेथील ख्रिस्ती माणसाची मराठी ही घरात, शाळेत आणि उपासनेत अशी तिन्ही ठिकाणी वावरणारी भाषा आहे, हे त्या निवडीने महाराष्ट्रास नव्याने जाणवून दिले.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. दार उघडले, पण आत न्यावयाचे काय आणि कसे? येथे तीन पेच पडतात.

पहिला पेच छंदाचा. उपासनेतील कायम पाठ हे गद्य आहेत. गौरवगीताचे किंवा विश्वासांगीकाराचे मराठी भाषांतर अर्थाला चोख असते, पण त्यातील एक ओळ चार शब्दांची तर दुसरी चौदा शब्दांची. मोठ्या अभंगाला सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा चरण हवा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक हवे. गद्य पाठ त्या साच्यात घालावयाचा तर शब्द बदलावे लागतात, आणि शब्द बदलण्याचा अधिकार संगीतकाराला नाही. या अडचणीतून वाट काढण्यास ग्रांथिक ओवीपेक्षा जात्यावरची ओवी अधिक उपयोगी पडते. तिच्यात अक्षरसंख्येचे बंधन जवळजवळ नसते. गाणारी बाई लांब ओळ भराभर म्हणून शेवटच्या अक्षरावर स्वर लांबविते, आखूड ओळीत ‘गं बाई’ घालून जात्याचा फेरा पुरा करते. ओळ लहान-मोठी झाली तरी तोल जात नाही. ग्रेगोरियन गायनातही स्तोत्र म्हणताना एकाच स्वरावर बरेच शब्द म्हणून अखेरीस ठराविक वळण घेतात. युरोपच्या मठातील संन्यासी आणि मावळातील दळणारी बाई यांनी एकाच अडचणीवर जवळजवळ एकच तोड काढली, हे लक्षात आले म्हणजे या दोन परंपरा परस्परांना अगदीच परक्या नाहीत असे दिसून येते.

दुसरा पेच गाणाऱ्यांच्या वाटणीचा, आणि येथे मराठी परंपरेपाशी तयार उत्तर आहे. मिस्सेत स्तोत्र म्हणताना एक जण कडवे म्हणतो आणि जमलेले लोक प्रत्येक कडव्यानंतर एकच ओळ परत म्हणतात. वारकरी भजनात अभंगाचे ध्रुवपद टाळकरी घोळून घोळून म्हणतात ते नेमके हेच. बायबलमधील दीडशे स्तोत्रांची मूळ हिब्रू रचनाही अशी की पहिल्या अर्धात एक गोष्ट सांगावयाची आणि दुसऱ्या अर्धात तीच निराळ्या शब्दांनी पुढे न्यावयाची. जात्यावरच्या ओवीच्या दोन ओळींचे नातेही पुष्कळदा असेच असते, आणि एकीने पहिली ओळ म्हणावी व समोरचीने दुसरी उचलावी ही दळण्याची जुनी रीत. तेव्हा स्तोत्रगायनासाठी बाहेरून साचा आणावयाचे कारण नाही. समूहाने उत्तर द्यावयाचे, हा संस्कार मराठी कानावर आधीच झालेला आहे.

फरक आहे तो बोलणाऱ्याच्या भूमिकेत. ओवीतील स्त्री ‘माझा बंधू’, ‘माझं माहेर’ असे बोलते. अभंगाच्या अखेरीस कवी स्वतःचे नाव घालतो. उपासनेतील पाठ मात्र सदैव ‘आम्ही’ म्हणतो आणि त्यावर कोणाची नाममुद्रा नसते. एकीच्या सुखदुःखासाठी घडलेला सूर सर्वांचा करावयाचा, तर त्यातील खाजगीपणाची ऊब जाऊ न देता तो सांघिक करावा लागतो. चांगला रचनाकार आणि नुसता चाली जुळविणारा यांतील भेद येथे उघडा पडतो. नुसत्या जुळविणाऱ्याला सोपी वाटही उपलब्ध असतेच. गाजत असलेल्या चित्रपटगीतात भक्तीचे शब्द बसवावयाचे. या मोहापासून आपले गणेशोत्सवही मुक्त राहिले नाहीत, त्यामुळे त्याची अधिक चर्चा नको.

तिसरा पेच आठवणीचा. तो सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचा. चाल कधी रिकामी नसते. धनगरांची ओवी घ्या. ढोलाच्या घुमणाऱ्या आवाजावर रात्रभर गायली जाणारी, मेंढरांच्या मागे रानोमाळ फिरणाऱ्यांची ही ओवी. देवाच्या कोकराला उद्देशून म्हणावयाच्या विनवणीला याहून साजेशी चाल कोणती, असे संगीतकाराला वाटणे साहजिक आहे. पण ती चाल बिरोबाची आहे. धनगराच्या कानात ती वाजू लागताच त्याचा देव उभा राहतो. ती उचलणाऱ्याने हा देव दिसत नसल्याचे सोंग करावे काय? की त्याची परवानगी मागावी? आणि मागावी तर कोणाकडे?

उलट बाजूची आठवण याहून बोचरी आहे. अहिल्यानगर आणि मराठवाड्याकडील ख्रिस्ती समाजात महार व मांग या जातींतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. हलगी वाजविणे ही तेथे कला नव्हती; जातीने लादलेली चाकरी होती. लग्न असो की मयत, बोलावणे आले की जावे लागे आणि वाजवून झाले की दूर उभे राहावे लागे. ख्रिस्ती होऊन ज्याने ती चाकरी झुगारली, त्याच्या नातवाला कोणी सांगू लागले की उपासना भारतीय करण्यासाठी चर्चमध्ये हलगी आणू या, तर त्याच्या कपाळावर आठी पडणे स्वाभाविक आहे. त्याच्या दृष्टीने पेटी आणि इंग्रजी चाल ही परकेपणाची खूण नसून सुटकेची खूण असू शकते. दुसरीकडे, भारतीयीकरणाच्या नावाखाली केवळ संस्कृतप्रचुर शब्द आणि रागदारी आणली, तर ती उच्चवर्णीयांचीच संस्कृती ठरते, असाही आक्षेप आहे. तमिळनाडूतील थिओफिलस अप्पावू यांनी हा आक्षेप केवळ मांडला नाही, तर कर्नाटकी वळणाची भक्तिगीते बाजूस ठेवून शेतमजुरांच्या लोकगीतांच्या चालींवर संपूर्ण उपासनाच रचून दाखविली. ते प्रॉटेस्टंट पंथाचे असले तरी त्यांनी उभा केलेला प्रश्न सर्व पंथांना लागू पडतो. ‘लोक’ म्हणजे कोणते लोक, याचे उत्तर आधी दिल्याखेरीज ‘लोकसंगीत’ हा शब्द उच्चारता येत नाही.

ज्यांच्या परंपरेतून सूर घेतला जातो त्यांच्या मनातील शंकेचाही येथे आदर केला पाहिजे. ओवी-अभंगाचा वापर ही धर्मप्रसाराची युक्ती आहे, असा संशय अनेकांनी बोलून दाखविला आहे, आणि गोव्यातील सोळाव्या-सतराव्या शतकांचा इतिहास पाहता तो निराधार म्हणून झटकता येत नाही. स्टीफन्सच्या श्रोत्यांची पुराणे त्यांच्या हातून कशी गेली, हे विसरून ख्रिस्तपुराणाचे कौतुक करणे अपुरे होय. परंतु त्याबरोबरच हेही पाहिले पाहिजे की वसईच्या किंवा अहिल्यानगरच्या मराठी ख्रिस्ती माणसाने ओवी कोठूनही उसनी आणलेली नाही. त्याची पणजी जात्यावर तीच म्हणत होती. आपल्या पणजीचे गाणे आपल्या देवापुढे गाणे याला युक्ती म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. चाल वेशीबाहेरून उचलली की घरातून आणली, यावर तिचा सच्चेपणा अवलंबून असतो. तोच निकष बिरोबाच्या ओवीला आणि हलगीलाही लावता येईल. धनगर ख्रिस्ती झाला आणि त्याने आपली ओवी गायली, तर ती त्याची आहे. हलगीवाल्याच्या नातवाने स्वतः होऊन, मान ताठ ठेवून हलगी उचलली, तर त्या वाद्याचा अर्थच पालटतो. दुसऱ्याने ती त्याच्या गळ्यात अडकविणे मात्र क्षम्य नाही.

गोव्याच्या घुमटाची कथा या संदर्भात पाहण्यासारखी आहे. मातीच्या मडक्याला घोरपडीचे कातडे ताणून केलेले हे वाद्य चतुर्थीला हिंदूंच्या आरतीत वाजते आणि ख्रिस्ती घरांत मांडो गाताना तेच वाजते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले. तेव्हा कारागीर बकऱ्याच्या कातड्याकडे वळले, आणि २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याच्या वारसा-वाद्याचा मान दिला. कातडे बदलले तरी वाद्य राहिले, कारण वाजविणारी घरे दोन्ही धर्मांत शिल्लक होती. कोणते वाद्य उपासनेत शोभते याचा निवाडा करताना अशा घरांचा कौल कोणत्याही समितीच्या निर्णयाहून अधिक विश्वासार्ह मानावा लागेल.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. ज्या जात्यावरच्या ओवीविषयी एवढे बोलणे झाले, ते जातेच आता घरातून गेले आहे. पिठाच्या गिरण्या आल्या. बाईचे कष्ट वाचले ही फार चांगली गोष्ट झाली. पण पहाटेचा तो सूर निराधार झाला. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या निदान वाचावयास आणि काही प्रमाणात ऐकावयास मिळतात. संग्रहातील ओवी टिकते, परंतु ती गायली जात नाही. तिला पुन्हा गळा मिळावयाचा तर जगण्यातील एखादा नेमाचा प्रसंग मिळावा लागतो. दर आठवड्याला येणारी उपासना हा असा प्रसंग आहे. लोकगीत उपासनेवर उपकार करते असे आपण समजतो. उपासना लोकगीताला आसरा देते, ही बाजूही तितकीच खरी आहे. मात्र त्यासाठी एक पथ्य पाळावे लागेल. ओवी ज्यांनी राखली त्या स्त्रियांना केवळ गायकवृंदात मागच्या ओळीत उभे करून चालणार नाही. चाल कोठे लांबवावी, शब्द कोठे तोडावा, हे ठरविण्याच्या जागी त्यांना बसविले पाहिजे. कारण ते ज्ञान कागदावरच्या स्वरलिपीत मावत नाही, त्यांच्या श्वासात आहे.

सारांश, नव्या उपासनासंगीताची कसोटी ते किती भारतीय दिसते ही नाही, आणि ते किती जुने आहे हीही नाही. एखादी रचना अपरिचितांनी चार रविवार गायली, पाचव्या रविवारी गायकवृंद गैरहजर असताना ती लोकांनी आपणहून उचलली, आणि पुढे कोणाच्या घरी आजारी माणसाच्या उशाशी ती गुणगुणली गेली, म्हणजे ती उपासनेची झाली. टिळकांच्या गीतांनी ही कसोटी पार केली आहे. ख्रिस्तपुराणाने तर छापील प्रत हाती नसतानाही ती केली. १९६३ नंतरच्या रचनांपैकी कोणत्या उतरतात याचा निकाल काळ देतो आहे.

ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी वर्षात या विषयाची योजना झाली, हे औचित्यपूर्णच म्हणावे लागेल. महाराष्ट्रापासून दूर राहून मराठी जतन करणाऱ्या संस्थेला परक्या मुलुखात भाषा कशाने टिकते हे अनुभवाने ठाऊक असते. आपल्या कपाटात ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा असणारच. त्यांच्या शेजारी ख्रिस्तपुराण, अभंगांजली आणि उपासनागीतांचे संग्रह यांनाही जागा असावी. ती धर्मसहिष्णुतेची खूण म्हणून नव्हे, तर ओवी आणि अभंग यांचा इतिहास त्यांवाचून अपुरा राहतो म्हणून. आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना ज्या ओव्या, मंगळागौरीची गाणी आणि पाळणे आजही पाठ आहेत, ते त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम या वर्षी सभासदांनी हाती घ्यावे. पुढे कोणाला, कोणत्याही देवापुढे, त्या चालीची गरज लागेल तेव्हा ती येथे मिळावी, एवढी विनंती करून हे व्याख्यान येथे पुरे होते.